तीन वेळा करंडक उचलणारा लॉरी ड्रायव्हर: ख्रिस्टी रिंग आणि हर्लिंगचं कर्णधारपद

५ सप्टेंबर १९५४. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८४,८५६ प्रेक्षक. हर्लिंग या आयर्लंडच्या काठी-चेंडूच्या खेळाच्या अंतिम सामन्याला इतकी गर्दी त्याआधी झाली नव्हती आणि नंतरही कधी झाली नाही. धावफलकावर कॉर्क १-९, वेक्सफर्ड १-६. कॉर्कचा कर्णधार ख्रिस्टी रिंग तिसऱ्यांदा अखिल आयर्लंड अजिंक्यपदाचा लियाम मॅकार्थी करंडक हातात घेतो आणि त्याचं आठवं अखिल आयर्लंड पदक पक्कं होतं. तोवर आठ पदकं कोणालाच मिळाली नव्हती.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाच्या मनात इथे लगेच प्रश्न उभे राहतात. १-९ म्हणजे किती? तीनदा जिंकणारा कर्णधार मधल्या वर्षांत कर्णधार का नव्हता? एवढं नाव असलेला माणूस लॉरी का चालवत होता? एकेक प्रश्न सोडवत गेलं की खेळही कळतो आणि रिंगही कळतो.

धावफलक कसा वाचायचा

हर्लिंगचा गोलखांब इंग्रजी 'एच' अक्षरासारखा असतो. दोन उंच खांब, त्यांच्यात साडेसहा मीटर अंतर आणि जमिनीपासून अडीच मीटरवर आडवा दांडा. चेंडू दांड्याखालून जाळीत गेला तर गोल, आणि गोलाचे तीन गुण. दांड्यावरून दोन खांबांच्या मधून गेला तर एक गुण, त्याला 'पॉइंट' म्हणतात. गोल झाला की पांढऱ्या कोटातला पंच हिरवा झेंडा हलवतो, पॉइंटला पांढरा.

फलकावर आधी गोल लिहितात, मग पॉइंट. म्हणजे १-९ याचा अर्थ एक गोल आणि नऊ पॉइंट, एकूण बारा. वेक्सफर्डचे १-६ म्हणजे नऊ. नवखा माणूस पहिला आकडा पाहून निकाल ठरवतो आणि तिथेच फसतो. १९४७ च्या अंतिम सामन्यात कॉर्कने दोन गोल मारले, किलकेनीने एकही नाही. तरी किलकेनी जिंकली, कारण ०-१४ म्हणजे चौदा आणि २-७ म्हणजे तेरा. त्या दिवशी रिंग हरणाऱ्या संघात होता.

या गणितामुळे सामन्याच्या शेवटी एक पेच कायम उभा राहतो. दोन गुणांनी मागे असाल तर दोन पॉइंट मिळवून बरोबरी साधायची, की गोलचा धोका पत्करायचा? रिंगचे सगळ्यात गाजलेले क्षण याच पेचातून आलेले आहेत.

काठी, चेंडू आणि हात

प्रत्येक संघात पंधरा खेळाडू. मैदान १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद, म्हणजे फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरंच मोठं. आज काउंटी, म्हणजे आयर्लंडमधल्या जिल्ह्यांच्या, संघांचा मोठा सामना ७० मिनिटांचा असतो, रिंगच्या काळात तो ६० मिनिटांचा होता.

हातातली काठी म्हणजे हर्ली. मोठ्या माणसाची हर्ली साधारण ३२ ते ३६ इंच लांब असते. खालचं टोक चपटं आणि रुंद असतं. त्याला 'बॉस' म्हणतात आणि नियमाप्रमाणे ते १३ सेंटिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. परंपरेने हर्ली ॲश झाडाच्या लाकडाची करतात. त्यातही बुंध्याचा अगदी तळचा, सव्वा मीटरच्या आसपासचा भागच घेतात. तिथे खोड मुळांकडे वळत असतं, त्यामुळे लाकडाच्या शिराही नैसर्गिकपणे वळतात. हर्लीचा बाक या शिरांच्या बाकाबरोबर जुळला तर काठी टिकते. सरळ शिरांच्या फळीतून बाक कापून काढला की शिरा बॉसच्या ठिकाणी आडव्या तुटतात आणि पहिल्या जोरदार टकरीत टोक उडून जातं. म्हणून जाणकार खेळाडू नवी हर्ली हातात आली की आधी वजन पाहत नाही. उजेडात धरून शिरा कुठवर वळल्या आहेत ते पाहतो. बॉस उभा चिरू नये म्हणून टोकाला पत्र्याची पट्टी ठोकतात. २०१२ मध्ये ॲशच्या झाडांना सुकवणारा बुरशीजन्य रोग आयर्लंडमध्ये आढळला. तेव्हापासून देशी लाकडाची चणचण वाढत गेली, आणि आता बांबूच्या व कृत्रिम साहित्याच्या हर्लीही वापरात आहेत.

चेंडूला 'स्लिटर' म्हणतात. आत बूच, वर चामडं, शिवणीच्या जागी उंच कडा. वजन ११० ते १२० ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा बरंच हलकं. जुन्या स्लिटरचं चामडं पाणी प्यायचं, आणि आयर्लंडच्या पावसात तो दुसऱ्या अर्धात चांगलाच जड व्हायचा. आजचे लांबलचक फटके पाहून जुन्या खेळाडूंशी तुलना करताना हे लक्षात ठेवायला हवं.

नियमांतला मुख्य अडथळा असा की जमिनीवरचा चेंडू हाताने उचलता येत नाही. तो हर्लीनेच उचलायचा. याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात बॉस चेंडूवर ठेवून तो आपल्याकडे ओढायचा, फिरत्या चेंडूखाली टोक सरकवायचं आणि वर उडवायचा. दुसऱ्यात धावता धावता बॉस चेंडूखाली खुपसून तो उचलायचा. हा दुसरा प्रकार वेगवान आहे, पण त्यासाठी हर्ली जमिनीला जवळजवळ समांतर लागते. नवखे खेळाडू कंबरेत न वाकता काठी उभी धरतात. मग टोक मातीत रुततं आणि चेंडू बाजूने निघून जातो. तेवढ्यात प्रतिस्पर्धी पोहोचलेला असतो.

चेंडू हातात आला की चार पावलं. त्यानंतर तो मारायचा, मोकळ्या हाताने फटकावून द्यायचा किंवा हर्लीच्या बॉसवर तोलत पळायचं. एकाच ताब्यात दोनदाच तो हातात घेता येतो. बॉसवर चेंडू तोलून पूर्ण वेगाने पळण्याला 'सोलो रन' म्हणतात. दिसायला सगळ्यात देखणा प्रकार, आणि सगळ्यात सहज हिसकावला जाणाराही.

पकडीबद्दल एक गोष्ट क्रिकेट खेळलेल्यांनी नीट ध्यानात घ्यावी. उजव्या हाताचा फलंदाज बॅटवर डावा हात वर ठेवतो. हर्लिंगमध्ये मात्र सहसा जो हात जोरकस तोच वर असतो. कारण बराच वेळ हर्ली त्या एका हातात असते आणि दुसरा हात झेलासाठी मोकळा ठेवावा लागतो. बॅटसारखी पकड धरून फटका बसेल, पण चेंडू हवेतून आल्यावर हात बदलण्यात वेळ जातो.

आणि भीतीचं काय? रिंगच्या काळात डोक्यावर काहीच नसायचं. हेल्मेट सक्तीचं झालं ते २०१० पासून. तरी प्रशिक्षक मुलांना पहिल्यापासून एकच शिकवतात: मागे सरकू नका, आत घुसा. हर्लीचा जोर तिच्या फिरण्याच्या टोकाला सर्वांत जास्त असतो. घाबरून हातभर अंतरावर थांबणारा नेमका त्या टोकापाशी सापडतो. अगदी अंगाशी भिडलेल्याला फटक्याला जागाच मिळत नाही.

कर्णधार कसा ठरतो

क्रिकेटचा कर्णधार क्षेत्ररक्षण लावतो, गोलंदाज बदलतो, डाव घोषित करतो. हर्लिंगच्या कर्णधाराकडे यातलं जवळजवळ काहीच नसतं. संघ निवड समिती निवडते, बदली खेळाडूही तीच ठरवते. आज हे काम व्यवस्थापकाकडे असतं. कर्णधार नाणेफेक करतो आणि जिंकला तर कोणत्या बाजूला खेळायचं ते ठरवतो. एवढा हलका चेंडू असल्यामुळे वाऱ्याची बाजू हा किरकोळ प्रश्न नसतो. पहिल्या अर्धात वारा पाठीशी घेऊन आघाडी जमवायची की तो शेवटासाठी राखायचा, यावर सामने फिरले आहेत. अंतिम सामन्याआधी बँडमागून संघाची मिरवणूक निघते, तिच्या पुढे कर्णधार चालतो. जिंकल्यावर क्रोक पार्कच्या होगन स्टँडमध्ये चढून करंडक घेतो आणि भाषण करतो. भाषणाची सुरुवात आयरिश भाषेत करायची रीत आहे. २००५ मध्ये कॉर्कचा कर्णधार शॉन ओग ओ हाल्पिन, ज्याची आई फिजीची, त्याने सगळं भाषणच आयरिशमध्ये केलं होतं.

मग कर्णधार निवडतात कसा? इथे खेळाची रचना पाहावी लागते. १८८४ मध्ये थर्ल्स गावात गॅलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. तिचा पाया आहे गावचा किंवा मोहल्ल्याचा क्लब. क्लब आपल्या काउंटीचं अजिंक्यपद खेळतात. क्लबांतल्या उत्तम खेळाडूंतून काउंटीचा संघ होतो. काउंटी आधी आपल्या प्रांतात, म्हणजे मन्स्टर किंवा लेन्स्टरमध्ये लढते आणि तिथून अखिल आयर्लंड करंडकापर्यंत जाते. खेळाडूला पगार नाही, लिलाव नाही. ज्या मातीतला त्याच काउंटीचा, अशी साधारण रीत.

अनेक काउंट्यांत परंपरा अशी की गेल्या वर्षी ज्या क्लबने काउंटीचं अजिंक्यपद मिळवलं, त्या क्लबकडे यंदाच्या काउंटी संघाच्या कर्णधारपदाचा मान जातो. कॉर्कच्या विजेत्या कर्णधारांची यादी या नजरेने पाहा. १९४२ मध्ये ग्लेन रोव्हर्सचा जॅक लिंच. १९४३ ला सेंट फिनबार्सचा मिक केनेफिक, १९४४ ला त्याच क्लबचा शॉन कॉन्डन. १९४६ ला पुन्हा ग्लेन रोव्हर्स, आणि या वेळी ख्रिस्टी रिंग. १९५२ ला सार्सफील्ड्सचा पॅडी बॅरी. म्हणजे रिंग कॉर्कचा सर्वोत्तम खेळाडू असतानाही करंडक दुसरा कोणी उचलत होता, आणि यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. कर्णधारपद हा क्लबचा मान होता. रिंगची तीन कर्णधारपदं ही जितकी त्याची, तितकीच कॉर्क शहराच्या उत्तर भागातल्या ब्लॅकपूलच्या त्या क्लबची.

वर आलेल्या जॅक लिंचबद्दल थोडं थांबायला हवं. १९४१ ते १९४६ अशी सलग सहा वर्षं त्याने अखिल आयर्लंड पदक मिळवलं, पाच हर्लिंगमध्ये आणि १९४५ चं गॅलिक फुटबॉलमध्ये. पुढे तो दोनदा आयर्लंडचा पंतप्रधान झाला. त्याच पदावर नंतर बसलेल्या लिओ वराडकर यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, हे मराठी वाचकांना ठाऊक असेलच.

रिंगची चोवीस वर्षं

ख्रिस्टी रिंगचा जन्म ३० ऑक्टोबर १९२० चा, पूर्व कॉर्कमधल्या क्लॉइन गावाजवळचा. १९३९ मध्ये तो कॉर्कच्या वरिष्ठ संघात आला आणि १९६३ पर्यंत खेळला. १९४१ मध्ये ग्लेन रोव्हर्समध्ये गेला आणि त्या क्लबकडून हर्लिंगची चौदा काउंटी अजिंक्यपदं मिळवली. पोटासाठी आधी सीआयई या वाहतूक कंपनीची लॉरी आणि नंतर शेल कंपनीची तेलाची गाडी चालवली. सोमवारी सकाळी कामावर हजर राहायचंच, रविवारी क्रोक पार्कमध्ये काहीही झालेलं असो.

त्याची पदकं नुसती मोजून भागत नाही, कारण प्रत्येक वर्षाची किंमत वेगळी आहे. १९४१ चंच पाहा. देशात जनावरांच्या लाळ-खुरकताची साथ होती, प्रवासावर बंदी होती, आणि टिपररी व किलकेनी या बलाढ्य काउंट्यांना स्पर्धेतून बाजूला राहावं लागलं. कॉर्कने अंतिम सामन्यात डब्लिनला ५-११ विरुद्ध ०-६ असं धुतलं. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये मन्स्टर प्रांताचा राहिलेला अंतिम सामना झाला आणि त्यात टिपररीने नुकत्याच अखिल आयर्लंड विजेत्या ठरलेल्या कॉर्कला हरवलं. रिंगचं पहिलं पदक हे असं.

१९४४ चं पदक मात्र शंभर नंबरी. महायुद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हतं. मन्स्टरचा अंतिम सामना थर्ल्सला, लिमरिकविरुद्ध. माणसं मैलोन्‌मैल सायकली हाणत आली. पहिला सामना बरोबरीत सुटला. पुन्हा खेळवला तेव्हाही शेवटच्या क्षणापर्यंत बरोबरीच होती, आणि रिंगने लांबून धावत येऊन गोल मारला. कॉर्कने त्या वर्षी सलग चौथा करंडक घेतला. हर्लिंगमध्ये हे तोवर कोणी केलं नव्हतं.

कर्णधार म्हणून पहिला करंडक १९४६ चा. किलकेनीविरुद्ध ७-५ आणि ३-८, म्हणजे सव्वीसला सतरा. त्यात मध्यांतराच्या सुमाराला रिंगने चेंडू बॉसवर तोलत, एकेकाला चुकवत बचावफळी फाडली आणि गोल केला. हर्लिंगच्या कर्णधाराचं नेतृत्व कसं दिसतं ते इथे कळतं. त्याला मैदानात कोणाची जागा बदलायचा अधिकार नसतो. अवघड चेंडूसाठी पहिला कोण धावतो, एवढ्यावरच बाकीचे चौदा जण त्याला जोखतात.

१९५३ चा विजय गॉलवेविरुद्धचा, ३-३ विरुद्ध ०-८. हा सामना कडवट झाला. रिंगवर लक्ष ठेवणारा गॉलवेचा मिक बर्क जखमी झाला आणि त्यावरून बराच काळ वाद चालला. रिंगची थोरवी सांगताना ही बाजू गाळू नये. १९५४ मध्ये वेक्सफर्ड पुढे असताना जॉनी क्लिफर्डच्या उशिरा आलेल्या गोलने कॉर्क वाचलं.

मग १९५६. मन्स्टरच्या अंतिम सामन्यात लिमरिकचा बचाव जवळजवळ सगळा वेळ रिंगला आवळून होता. शेवटच्या काही मिनिटांत त्याने तीन गोल मारले. अखिल आयर्लंडचा अंतिम सामना कॉर्कमधल्या पोलिओच्या साथीमुळे २३ सप्टेंबरपर्यंत लांबला. समोर पुन्हा वेक्सफर्ड. काही मिनिटं उरली असताना कॉर्क दोन गुणांनी मागे होतं आणि चेंडू रिंगकडे आला. वर सांगितलेला पेच हाच. पॉइंट घेतला तर एकाच गुणाचं अंतर उरलं असतं. त्याने गोलावर नेम धरला. वेक्सफर्डचा गोलरक्षक आर्ट फॉलीने तो अडवला, चेंडू दुसऱ्या टोकाला गेला आणि वेक्सफर्डच्या निकी रॅकार्डने तिकडे गोल केला. २-१४ विरुद्ध २-८. गोलरक्षकाने अडवल्यावर रिंगने पुढे येऊन त्याचा हात हातात घेतला. सामना संपल्यावर वेक्सफर्डच्या निक ओ'डॉनेल आणि बॉबी रॅकार्ड यांनी हरलेल्या रिंगला खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेलं. नववं पदक हुकलं. विजेत्यांनी हरलेल्याला असं उचलून नेल्याचं उदाहरण कोणत्याही खेळात शोधायला वेळ लागेल.

नववं पदक पुढेही आलं नाही, पण खेळ उतरला नाही. प्रांतांमध्ये खेळल्या जाणाऱ्या रेल्वे कपची १८ पदकं त्याने मन्स्टरकडून मिळवली. १९५९ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो वर्षाचा सर्वोत्तम हर्लर ठरला. टिपररीच्या जॉन डॉइलने १९६५ मध्ये त्याच्या आठ पदकांशी बरोबरी केली. मैदानात खेळून नऊ पदकं मिळवायला २०१२ चा किलकेनीचा हेन्री शेफलिन यावा लागला.

निवृत्तीनंतर रिंग कॉर्कच्या निवड समितीत बसला. कॉर्कने १९७६ ते १९७८ सलग तीन करंडक जिंकले त्या काळात तो तिथे होता. २ मार्च १९७९ रोजी कॉर्क शहरात हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला, वय ५८. क्लॉइनला दफनाच्या वेळी कबरीपाशी भाषण केलं ते त्याच्या जुन्या सोबत्याने, जॅक लिंचने. लिंच तेव्हा देशाचा पंतप्रधान होता.

आज त्याचं नाव कुठे ऐकू येतं

२००० साली निवडलेल्या सहस्रकाच्या संघात रिंगला उजव्या मधल्या आक्रमकाची जागा मिळाली. कॉर्कमधलं एक मैदान, पार्क इ रिन, त्याच्या नावाचं आहे, शहरातला एक पूलही. २००५ पासून ख्रिस्टी रिंग कप खेळवला जातो. ती आता तिसऱ्या पातळीची स्पर्धा आहे, म्हणजे जिथे हर्लिंग तितकं रुजलेलं नाही अशा काउंट्यांसाठी. वरच्या पातळीवर लियाम मॅकार्थी करंडक आणि त्याखाली जो मॅकडोना कप. पूर्वी सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी होणारा अंतिम सामना आता जुलैत होतो.

डब्लिन-कॉर्कला कामानिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना एक सुचवावंसं वाटतं. क्रोक पार्कच्या तिकिटासाठी धडपडण्याआधी एखाद्या क्लबचा काउंटी सामना गाठा. कडेच्या दोरीपाशी उभं राहता येतं आणि हर्लीवर हर्ली आपटल्याचा आवाज कानाजवळ येतो. पहिली दहा मिनिटं चेंडू दिसणारच नाही, इतका तो वेगात असतो. चेंडू शोधत बसू नका. खेळाडूंच्या माना कुठे वळतात ते पाहा, आणि मग पंचाच्या हातातला झेंडा.